चाळीस वर्षांतली एक हूल

इन्बालला खोटं बोलता येत नसे, आणि पगार मात्र तिला खोटं बोलायला शिकवण्याचाच मिळत होता. माणसांना नव्हे, कॉम्प्युटरला. दोन हजार पाच साल होतं. पोकरचं वेड साथीच्या तापासारखं पसरलं होतं. टीव्हीवर काळे चष्मे लावलेली माणसं तासन् तास पत्ते हातात धरून बसत, आणि ती बघून भली भली माणसं घरी कॉम्प्युटरवर खेळायला बसत. तेल अविवमधली इन्बालची कंपनी अशा लोकांसमोर बसवायला एक यांत्रिक गडी तयार करत होती. खेळाचे नियम त्याला आठवड्याभरात शिकवून झाले. घोडं अडलं ते हूल देण्यापाशी. हातात काही नसताना सगळं असल्यासारखी बोली वाढवायची आणि समोरच्याला घाबरवून पानं टाकायला लावायचं, हे त्या गड्याला काही केल्या जमेना.

"तुझा गडी फार सज्जन आहे," तिचा वरिष्ठ एरन म्हणाला. "पानं चांगली आली की वाढवतो, वाईट आली की उठून जातो. याच्याशी कोण खेळेल?"

मग इन्बालनं त्याला शंभरात बारा वेळा हूल द्यायला लावली. लोकांनी ती चार दिवसांत ओळखली. तिनं बाराचे तीस केले, तर कुणी त्याच्यावर विश्वासच ठेवेना. तो खरंच राजा-राणी घेऊन बसला तरी लोक बेधडक पुढे येत. किती वेळा द्यायची, एवढाच प्रश्न नाही हे तिला कळत होतं. कधी द्यायची, आणि कुणापुढे? याचं उत्तर पुस्तकांत गणितानं भरलेलं होतं, आणि ते वाचून तिची भूक उलट वाढत होती.

तिच्या स्वतःच्या बाबतीत तर आनंदच होता. खोटं बोलायला तोंड उघडलं की तिच्या कानांच्या पाळ्या लालभडक होत. लहानपणी कपाटातला हलवा कुणी खाल्ला हे विचारायचीसुद्धा गरज पडत नसे. आई फक्त केस मागे सारून कान बघायची.

दर शुक्रवारी सकाळी ती बस पकडून वाळवंटातल्या अराद गावी येई. तिथे तिची आई रूबी होती, आणि दोन गल्ल्या सोडून तिचे सबा. सबा म्हणजे हिब्रूत आजोबा. मेनाशे नागावकर, वय वर्षं चौऱ्याहत्तर, मूळचे ठाण्याचे मराठी ज्यू. मृत समुद्राकाठच्या कारखान्यात तीस वर्षं घालवून रिटायर झालेले आणि बायको गेल्यापासून एकटे राहणारे. ते नातीशी मराठीत बोलत आणि नात त्यांना हिब्रूत उत्तर देई. दोघांचं त्यात कधी काही अडलं नाही.

शुक्रवारी दहा ते एक, म्हणजे शब्बाथच्या, ज्यूंच्या पवित्र शनिवारच्या, स्वयंपाकाचा वास जिन्यात पसरेपर्यंत, सबांच्या घरी तीन पत्ती चाले. तीन पत्ती ही पोकरची आपल्याकडची मावसबहीण. पानं तीनच, पण थापा तेवढ्याच. सबा आणि त्यांचे तीन दोस्त यांचा हा डाव एकोणीसशे सहासष्ट साली सुरू झाला तेव्हा अरादला धड रस्ते नव्हते. पैशानं खेळायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं, कारण चौघांपैकी पिन्हासकडे सिनेगॉगची, म्हणजे प्रार्थनाघराची, किल्ली होती आणि किल्लीवाल्यानं जुगार खेळणं बरं दिसत नाही. म्हणून जर्दाळूच्या बियांवर खेळत. इथली पोरं उन्हाळ्यात त्या बियांनी गल्लीत खेळतात. यांनी पोरांच्याच पिशवीतून त्या उचलल्या होत्या, आणि चाळीस वर्षं हातांत फिरून त्या बिया आता चिंचोक्यांसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

टेबलाचे नियम दोनच. टाकलेली पानं कुणी उलटून बघायची नाहीत, आणि टेबलावर जे हरलं ते द्यायचं. तिथे सबबी चालत नाहीत.

चौघांपैकी एक गिदोन. त्याच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्या. दोन वर्षांमागे हिवाळ्यात तो बेर-शेवाच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनला गेला. टॅक्सीत बसताना 'माझ्या बिया मोजून ठेवा रे' म्हणून हात हलवून गेला, तो परत आला नाही. त्याच्या सुतकाच्या सातव्या दिवशी, दहा माणसांसमोर, मेनाशे उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या छातीला मी सुरी लावू देणार नाही. हा माझा शब्द आहे."

तेव्हा त्यांना काय माहीत, की दोन वर्षांनी त्यांच्याही तीन नळ्या तुंबलेल्या निघतील.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: ऑपरेशन केलं तर दहा वर्षं, नाही केलं तर हा हिवाळा दिसेल याची खात्री नाही. जूनमधली तारीख मिळाली होती. कागदावर सही करून तो रविवारपर्यंत क्लिनिकमध्ये द्यायचा होता, नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला. कागद फ्रिजवर लिंबाच्या आकाराच्या चुंबकाखाली लटकत होता. रूबीनं समजावलं, रडून पाहिलं, अबोला धरला. मेनाशे एकच म्हणायचे, "शब्द दिलाय." गडी जिना चढताना दोनदा थांबायचा, ओठ निळे पडायचे, पण शब्द म्हणजे शब्द. अशा माणसापुढे डोकं आपटून कपाळमोक्ष होतो, दुसरं काही नाही.

गिदोनच्या रिकाम्या खुर्चीवर आता इन्बाल बसे. तीन गड्यांत मजा नाही म्हणून त्यांनी तिला घेतली होती. ती हटकून हरायची. तिनं हूल दिली की तिघं पानांकडे बघतच नसत, तिच्या कानांकडे बघत.

"पोरगी सिग्नल लावून बसते," अमोस म्हणे. अमोस वायरमन होता. अंगानं आडवा आणि खेळात उतावळा.

पण इन्बाल हरायला बसत नसे. ती बघायला बसे. मांडीवर वही ठेवून कोण कधी हूल देतं ते टिपून ठेवी. अमोसचं पान भरलेलं होतं. तो शंभरात साठ वेळा थाप मारायचा, आणि एरवी गप्पांत स्वतःच फुशारकीनं सांगायचा. त्याच्यावर कुणीच भरवसा ठेवत नसे. एकदा त्याला खरंच एक्का-राजा-राणी एका रंगाची आली, तर सगळे शेवटपर्यंत हसत हसत बिया टाकत राहिले. बिचाऱ्याला जिंकूनही राग आला.

सबांच्या पानावर नुसती प्रश्नचिन्हं होती. ते जिंकले तरी पानं दाखवत नसत, आणि चेहरा तर दुपारच्या बंद दुकानासारखा.

आणि पिन्हासकाकांच्या पानावर एक मोठं शून्य. चार महिन्यांत चारशे चाळीस डाव, आणि एकही हूल नाही. पिन्हासकाका मूळचे रेवदंड्याचे, कारखान्यात स्टोअरकीपर होते. पानं असली की खेळत, नसली की टाकत. आणि जिंकले की पानं टेबलावर उघडी पसरत, मगच बिया ओढत. तसं करायची काही सक्ती नव्हती. त्यांना ते केल्याशिवाय बिया गोड लागत नसाव्यात.

"तुम्ही कधीच का हूल देत नाही?" एका शुक्रवारी इन्बालनं त्यांना जिन्यात गाठून विचारलं. तिला खरोखर नवल वाटत होतं. गणिताच्या हिशेबानं हा माणूस चाळीस वर्षं चुकीचं खेळत होता.

पिन्हासकाका थांबले. "अगो, मी स्टोअर सांभाळला. मी म्हटलं बोल्ट संपले, तर मॅनेजर कपाट उघडून बघत नसे. तेवढीच माझी कमाई. ती बियांवर कशाला उडवू?"

इन्बाल परतीच्या बसमध्ये बसली. खिडकीबाहेर वाळवंट पिवळं पडत चाललं होतं आणि तिच्या डोक्यात एक गोष्ट हळूहळू उजळत होती. अमोसची हूल फुकटची, म्हणून बिनकामाची. जो कधीच हूल देत नाही, त्याची पहिली हूल कुणाला ओळखता येईल? ती फक्त एकदाच चालेल, पण एकदा चालेलच. हे तिच्या यंत्राला कसं शिकवायचं, असा विचार ती करत होती. आणि बेर-शेवाचा स्टॅंड यायच्या आत यंत्र डोक्यातून गेलं आणि फ्रिजवरचा कागद आला.

पुढच्या शुक्रवारी ती पहिल्या बसनं आली. हा सहीच्या मुदतीआधीचा शेवटचा शुक्रवार होता. पिन्हासकाका सिनेगॉगच्या पायरीवर बसून बुटात गेलेली वाळू झाडत होते. ती शेजारी बसली आणि सगळं एका दमात सांगून मोकळी झाली.

"म्हणजे मी मेनाशेला फसवू?"

"बोलायचं काहीच नाही, काका. फक्त बिया पुढे सरकवायच्या. आणि मग पैज लावायची. सबा टेबलावर हरले तर देतील. त्या टेबलाचा शब्द त्यांच्या दुसऱ्या कुठल्याही शब्दापेक्षा जुना आहे."

पिन्हासकाकांनी बूट पायात घातला, पुन्हा काढला.

"गिदोन जात नव्हता," ते शेवटी म्हणाले. "तो मला विचारायला आला होता. मी म्हटलं, जा रे, काही होत नाही. पिन्हास म्हणतो म्हणून गेला तो. तेव्हापासून मेनाशेला मी एकदासुद्धा 'जा' म्हटलेलं नाही. तुझी आई येऊन रडली माझ्यापाशी, तरी नाही."

इन्बालला हे माहीत नव्हतं. आपण भलत्याच जखमेवर बोट ठेवलं असं वाटून तिला ओशाळल्यासारखं झालं. ती माफी मागणार, एवढ्यात पिन्हासकाका उठले आणि किल्ली खिशात टाकली.

"एकदाच चालते म्हणालीस ना? मग पत्ते वाटताना गडबड करायची नाही. लबाडी नको. येतील ती पानं घेईन. चांगली आली तर बरंच, नाही आली तरी खेळेन."

त्या दिवशी दहा वाजता डाव बसला. पंखा फिरत होता, अमोस सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया फोडून सालं बशीत टाकत होता. पहिले पंधरा-वीस डाव नेहमीसारखे गेले. मग पिन्हासकाकांनी एकदा पानं उचलून पाहिली, पालथी ठेवली आणि पाच बिया पुढे सरकवल्या. इन्बालनं पानं टाकली. अमोसनं दोन फेऱ्या नेट लावला आणि मग त्यानंही टाकली. मेनाशेंनी आपली पानं एकदाच बघितली होती. तेही पाच टाकत राहिले. मग दहा. मग वीस. टेबलाच्या मधोमध बियांचा ढीग झाला.

पिन्हासकाकांच्या पुढ्यातल्या बिया संपल्या. सकाळपासून त्यांनी 'जा' हा शब्द उच्चारला नव्हता, आताही उच्चारला नाही.

"मेनाशे, बिया पुष्कळ झाल्या. आता खरं काही लावू. माझ्याकडून शोफार."

अमोसच्या तोंडातली बी तोंडातच राहिली. ते मेंढ्याचं शिंग पिन्हासकाकांच्या पणजोबांचं होतं, रेवदंड्याहून आणलेलं. नव्या वर्षाला ते पिन्हासकाकाच फुंकत, आणि ते एकदा आपल्याला मिळावं म्हणून मेनाशे चाळीस वर्षं कुरकुरत होते.

"आणि माझ्याकडून?" मेनाशेंनी विचारलं, जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

पिन्हासकाकांनी फ्रिजकडे बघितलं. "तो कागद. हरलास तर सही करायची आणि जायचं. जिंकलास तर शोफार तुझं, आणि या घरात कुणी तो विषय काढणार नाही. रूबीला मी सांगेन."

"शिंग फुंकायला याच्यात श्वास तरी आहे का?" अमोस म्हणाला, पण हसलं कुणीच नाही.

इन्बालला आपले कान पेटल्याचं जाणवलं. तिनं झटकन खाली वाकून जमिनीवर न पडलेलीच एक बी शोधायला सुरुवात केली. पिन्हासकाकांच्या हातात काय आहे हे तिलाही माहीत नव्हतं. पण ढोंग कुठे आहे ते तिला माहीत होतं, आणि कानांना तेवढं पुरे होतं. समोरच्याची पानं उघडी करायला लावायची असली तर 'शो' म्हणायचं, एवढंच करायचं होतं मेनाशेंना. एक शब्द. ती टेबलाखाली वाकून त्या शब्दाची वाट बघत राहिली. वरून फक्त पंख्याचा आवाज येत होता.

"पिन्हास," सबांचा आवाज आला, "तू या टेबलावर कधी रिकाम्या हातानं बसला नाहीस."

पानं टेबलावर पालथी पडल्याचा आवाज झाला. इन्बाल वर आली तेव्हा सबा खुर्चीतून उठत होते. त्यांनी फ्रिजवरचा कागद काढला, अमोसच्या खिशातलं पेन घेतलं आणि उभ्या उभ्या सही केली. पहिल्या सहीला पेन चाललं नाही, म्हणून परत केली.

मग एकदम सगळेच बोलायला लागले. अमोसनं मेनाशेंना गॅलरीत नेलं आणि पाठ थोपटत राहिला. पिन्हासकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा जिंकून पानं दाखवली नाहीत. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात घातली, आणि स्वयंपाकघरात इन्बाल पाणी प्यायला गेली तेव्हा मागोमाग येऊन ती तिच्यापुढे धरली. इस्पिक दुर्री, चौकट पंजी, किलवर नव्वी. याहून फालतू पानं शोधायला बसावं लागलं असतं.

"गेली ग माझी कमाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं होतं की आनंदाचं, त्यांनाही सांगता आलं नसतं.

ते गॅलरीत गेले आणि इन्बाल पत्ते गोळा करायला टेबलापाशी आली. सबांच्या खुर्चीसमोर तीन पानं पालथी पडली होती. टाकलेली पानं बघायची नाहीत, हा नियम चाळीस वर्षं कुणी मोडला नव्हता. पण चार महिने ज्या माणसाच्या नावावर ती प्रश्नचिन्हं काढत होती, त्याची पानं होती ती. तिला राहवेना. तिनं गॅलरीकडे एकदा पाहिलं आणि ती उलटली.

राजा. राजा. राजा.

ती तशीच उभी राहिली. मग पानं गड्डीत मिसळली आणि गड्डी इतकी पिसली की तिची बोटं दुखायला लागली.

घरी आल्यावर तिनं वही उघडली. खरं तर लिहून काढायची गरज नव्हती. तीन राजे हातात असताना उरलेल्या पत्त्यांतून समोरच्याच्या हाती तीन पानं येण्याचे प्रकार अठरा हजार चारशे चोवीस. त्यांतले तीन राजांना हरवणारे फक्त चार, एक्क्यांच्या तिकडीचे. समोर पिन्हास असो नाही तर खुद्द शलमोन राजा असो, ही पानं कुणी टाकत नाही. अमोससुद्धा नाही. आपण मोठी शक्कल लढवली या आनंदात ती सकाळपासून होती, आणि आता कळत होतं की त्या टेबलावर एक नव्हे, दोन हुली झाल्या होत्या, आणि मोठी कुठली ते तिला ओळखताच आलं नव्हतं. पण का? जायचंच होतं तर महिनाभर आईला का रडवलं? आणि जायचं नव्हतं तर डाव जिंकलेलाच होता.

हा प्रश्न तिनं तीन आठवडे पोटात ठेवला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी ती हॉस्पिटलमध्ये सबांच्या खाटेशी बसली होती. रूबी डॉक्टरांना भेटायला गेली होती. सबांच्या अंगात हॉस्पिटलचा पाठीमागून उघडा झगा होता आणि त्यावरून ते सकाळपासून कुरकुरत होते.

"सबा, मी नियम मोडला," इन्बाल म्हणाली. "तुमची पानं बघितली."

सबांनी झग्याची नाडी ओढणं थांबवलं.

"चार, सबा. अठरा हजारांत फक्त चार. तुम्ही ती का टाकलीत?"

"फार शिकलीस तू," ते म्हणाले. "मला पानं मोजायची गरज पडली नाही. मी तुझे कान बघितले. टेबलाखाली जाऊन बसलीस, पण जायच्या आधी बघितले. म्हटलं, ही पोर आणि पिन्हास, दोघं मिळून काही तरी करतायत. मग त्याच्याकडे बघितलं. त्याचं तोंड गिदोनच्या सुतकात जसं होतं, तसं झालं होतं. हात रिकामा होता त्याचा. त्याची पानं न बघताच मला कळलं."

"मग शो का नाही म्हणालात?"

"काय म्हणू? चाळीस वर्षं त्या माणसानं खोट्याला हात लावला नाही. ती सगळी पुंजी उचलून त्यानं माझ्यासाठी टेबलावर ठेवली. अमोससमोर, तुझ्यासमोर. आणि मी शो म्हणून त्याची दुर्री-तिर्री उघडी पाडू? त्याचं शिंग घेऊन घरी जाऊ?" त्यांना धाप लागली. इन्बालनं उशी सरळ केली. "आणि खरं सांगू का गो? मला भीती वाटत होती. जायची वाटत होती, न जायचीपण वाटत होती. शब्द देऊन बसलो होतो, आता माघारी कसा फिरू? हरलो म्हणून जाणं सोपं. हरलेल्याला कुणी भित्रा म्हणत नाही."

इन्बालनं त्यांचा हात धरला. तिच्या लहानपणी ज्या हातानं तिला रस्ता ओलांडायला शिकवलं होतं तो हात, आता सुया लावून लावून काळानिळा झालेला. आपल्याला या माणसाचं किती कळलं नव्हतं, याचं तिला वाईट वाटलं, आणि तितकंच प्रेमही दाटून आलं.

"पिन्हासला कळता कामा नये," सबा म्हणाले. "गिदोनच्या पाठी त्याला एवढं तरी वाटू दे, की त्यानं कुणाला तरी वाचवलं. मी परत आलो तर. नाही आलो तर मात्र सांग त्याला. सांग, की मेनाशे आपल्या मर्जीनं गेला, तुझ्यामुळे नाही."

नाही आलो तर, याचाही त्यांनी विचार करून ठेवला होता. इन्बालला एकदम रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. मेनाशे परत आले.

यंत्राचंही मधल्या काळात मार्गी लागलं. इन्बालनं त्याला पहिले दोनशे डाव शुद्ध प्रामाणिकपणे खेळायला लावलं आणि मगच हुलीची परवानगी दिली. एरन खूश झाला आणि ही कल्पना कुठून सुचली म्हणून मागे लागला. नातेवाईकांकडून, एवढंच ती म्हणाली. समोरच्याची लाज राखायला राजे टाकून देणं, हे तिला त्या यंत्राला शिकवता आलं नाही, आणि तिनं तसा प्रयत्नही केला नाही.

ऑगस्टमध्ये रूबीनं नवस फेडायला मलिदा केला. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर बदाम-पिस्ते, भोवती पाच फळं. ताटाभोवती माणसं बसली. मेनाशे मधल्या खुर्चीत, वीस किलोंनी हलके आणि जिना एका दमात चढणारे. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं गाणं झालं, आशीर्वाद झाले. फळं वाटायची तेवढ्यात पिन्हासकाका उभे राहिले.

"थांबा. मलिद्याच्या ताटासमोर मला हे पोटात ठेवून बसवत नाही." त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "मेनाशे, त्या दिवशी माझ्या हातात काही नव्हतं. दुर्री, पंजी, नव्वी. मी तुला फसवलं."

मेनाशेंनी तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघितलं, मग कपाळाला हात लावला.

"साल्या," ते म्हणाले. "चाळीस वर्षं साधू होऊन बसलास, ते यासाठी? माझ्याकडे सत्तीची जोडी होती."

"म्हणजे जिंकला असतास तू."

"असतो ना. पण तुझ्यासमोर सत्तीची जोडी घेऊन कोण उभं राहील?"

लोक हसले. अमोस तर टाळ्या वाजवायला लागला. पण पिन्हासकाका हसले नाहीत. ते मेनाशेंच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते, आणि स्टोअरकीपरची नजर होती ती, कपाटात काय कमी आहे ते हुडकणारी.

"सत्तीच्या जोडीवर तू ढीगभर बिया टाकल्यास?" ते हळूच म्हणाले. "मेनाशे, खरं सांग. तू मुद्दाम टाकलीस का?" उत्तराची वाट न बघता ते वळले. "इन्बाल, पानं तू गोळा केलीस. तू बघितली असणार, मी ओळखतो तुला. काय होतं त्याच्याकडे? हिला विचारतो मी. हिला खोटं बोलता येत नाही."

सगळी खोली इन्बालकडे वळली. रूबी वळली, अमोस वळला. आईनं सवयीनं हात पुढे करून तिचे केस कानामागे सारले.

इन्बालनं पिन्हासकाकांच्या डोळ्यांत पाहिलं. दोन वर्षं त्या डोळ्यांत गिदोन होता. आता तिथे कसली तरी भीती होती, आणि त्या भीतीमागे एवढीशी आशा. ती आशा इन्बालच्या तोंडातल्या एका शब्दाची वाट बघत होती. तिला नवल वाटलं ते एवढ्याचंच, की आपली छाती अजिबात धडधडत नाहीये.

"सत्तीची जोडी होती, काका," ती मराठीत म्हणाली. "बदाम आणि किलवर. वर एक गुलाम."

पिन्हासकाकांनी तिचे दोन्ही कान निरखून बघितले, एक, मग दुसरा. मग त्यांनी श्वास सोडला, खुर्चीत बसले आणि रुमालानं चेहरा पुसला. "वाचवला साल्याला," ते अमोसला म्हणाले.

मेनाशेंनी मलिद्याची पहिली बशी भरली आणि माणसांच्या डोक्यांवरून नातीकडे पुढे केली. देताना त्यांनीही तिचे कान बघितले. आणि बशी सोडण्याआधी त्यांनी तिची बोटं घट्ट दाबली.